डोहाळजेवणाला न आलेली आई

ताई,
माझं माहेर सांगलीचं, लग्नानंतर पुण्यात असते. आता आठवा महिना चालू आहे. गेल्या महिन्यात सासरी हौसेनं डोहाळजेवण केलं. सगळे आले, आई आली नाही. आदल्या रात्री फोन करून म्हणाली, गुडघा धरलाय. मामेभावाच्या लग्नाच्या वेळी तिचा उपास होता, आमच्या वास्तुशांतीला घर बंद ठेवता येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ती शेवटची माझ्याकडे आली होती. परत जाताना खंबाटकी घाटात एसटी खूप वेळ अडकली. तिचा जीव घाबराघुबरा झाला, दरदरून घाम फुटला, हातांना मुंग्या आल्या. साताऱ्याला उतरवून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, काही निघालं नाही. तेव्हापासून एसटी बंद. मग गणपती मंदिरात गर्दी असते म्हणून तेही बंद. मग भिशी सुटली. आता भाजी बाबा आणतात. गल्लीतल्या दुकानातसुद्धा ती एकटी जात नाही. घरात मात्र छान असते. पाहुणे आले तर वीस जणांचा स्वयंपाक करते, माझ्याशी तासभर फोनवर बोलते. बाबा म्हणतात, तिला घरातच बरं वाटतं, कशाला ओढाताण? सासूबाई म्हणाल्या, "लेकीपेक्षा गुडघा मोठा?" मला उत्तर देता आलं नाही. बाळंतपण पुण्यातच करायचं आहे. तिला माझ्यासाठी यावंसंच वाटत नाही का? काही न सांगता सरळ गाडीत घालून आणू का?
– एक लेक, पुणे

प्रिय लेकी,

तिला यावंसं वाटत असणार, याबद्दल मला जराही शंका नाही. गुडघ्याचं कारण खरं नसेल. पण त्या कारणामागे जे लपलंय ते खरं आहे, आणि गुडघेदुखीपेक्षा पुष्कळ अवघड आहे.

तू लिहिलेल्या जागा एकापुढे एक मांडून बघ. एसटी, देवळातली गर्दी, लग्नाचा हॉल, भिशी, शेवटी गल्लीतलं दुकान. या सगळ्या ठिकाणी एकच अडचण आहे: काही झालं तर इथून पटकन निघता येणार नाही, आपलं माणूस हाताशी नसेल. घरात हे दोन्ही प्रश्न नाहीत, म्हणून घरात ती पूर्वीसारखीच आहे. माणसांना कंटाळलेली किंवा आतून खचलेली बाई हौसेनं वीस जणांचं रांधत नाही. तू केलेलं वर्णन ॲगोराफोबियाच्या फार जवळ जाणारं आहे. निदान डॉक्टरांनीच करायचं, पण तू कुठल्या दिशेनं बघावंस एवढं मी सांगू शकते.

हा चिंतेचा आजार आहे. मोकळ्या मैदानाची भीती असा त्याचा अर्थ अनेकांच्या डोक्यात असतो, तो फार अपुरा आहे. 1871 मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा त्यांच्यासमोर चांगले धडधाकट पुरुष होते. शहरातले मोठे चौक एकट्यानं ओलांडायची वेळ आली की त्यांची छाती धडधडायची, पाय लटपटायचे. सोबत कुणी असलं, नुसती हातात काठी असली, तरी त्यांना बरं वाटायचं. गल्लीतल्या दुकानातसुद्धा आई एकटी जात नाही, हे वाचताना मला तेच आठवलं. आज डॉक्टर पाच प्रकारच्या जागांबद्दल विचारतात: बस-रेल्वेसारखी वाहनं, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यातल्या किमान दोन जागांची भीती साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली आणि रोजचं जगणं आक्रसायला लागलं, तर या आजाराचा विचार होतो. बायकांमध्ये तो पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो.

आता घाटात काय झालं असावं ते सांगते, कारण ते कळलं की आईचा राग येणार नाही. बस अडकलेली, पुढे-मागे ट्रक, खिडकीतून धूर, खाली उतरायची सोय नाही. शरीरानं धोक्याची घंटा वाजवली. ॲड्रेनलिन वाढलं, छाती धडधडू लागली, श्वास भराभर चालला. श्वास असा भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यानं हातांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. आपण आता मरतो, असं त्या माणसाला अगदी खरंखुरं वाटतं. याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. जिवाला धोका नसतो. पण आईला हे कुणी सांगितलं? साताऱ्यात ईसीजी नीट आला, 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं. काही नाही, तर मग ते काय होतं, हा प्रश्न तीन वर्षं ती एकटीच डोक्यात घेऊन बसली आहे. तेव्हापासून तिची भीती घाटाची नाही, एसटीचीही नाही. 'ते' पुन्हा झालं तर काय, याची आहे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी एकेक निरुपद्रवी जागा तिच्या यादीत जात राहिली.

आणि इथं तुम्हा घरच्यांचा भाग येतो. देवळात जायचं टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं. ती सुटका मेंदूला शिकवते, की नाही गेलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी अलीकडे सुरू होते. बाबा भाजी आणतात ते प्रेमानंच, पण त्या प्रत्येक पिशवीबरोबर आईचं बाहेरचं जग थोडं कमी होतं. त्यांचा दोष नाही. जवळजवळ प्रत्येक घरात हेच होतं.

मला खरं वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तुझ्या बाबांनी असं बाहेर पडणं बंद केलं असतं, तर आठ दिवसांत साऱ्या घराला घोर लागला असता. बँक, पेन्शन, सकाळचा फेरफटका, सगळं अडलं असतं. आई घरात राहिली तर कुणाचंच काही अडत नाही. उलट चहा वेळेवर मिळतो. आपल्याकडे बाईनं घरात असणं इतकं गृहीत धरलेलं आहे की तिला बाहेर पडताच येत नाही, हे वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही. 'तिला घरातच बरं वाटतं' हे बाबांचं वाक्य मी अनेक पत्रांतून वाचते. बरं वाटणं आणि दुसरीकडे कुठेच बरं न वाटणं, यांत फरक आहे.

गाडीत घालून आणायचं मात्र अजिबात नको. फसवून नेलं, वाटेत अटॅक आला, तर ती भीती दुप्पट पक्की होईल आणि तुझ्यावरचा विश्वास जाईल.

आधी शरीराची तपासणी. बहुतेकांना हा त्रास पस्तिशीच्या आत सुरू होतो. आईला उशिरा झालाय, त्यामुळे थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, हृदय, कानामुळे येणारी चक्कर, हे सगळं पाहून घ्यायला हवं. पाळी जाण्याच्या काळातही छाती धडधडते, अंगातून वाफा निघतात. आणखी एक गोष्ट हळूच विचार, कारण आई ती आपणहून बोलणार नाही: लघवी आवरत नाही, प्रवासात सोय होणार नाही, अशी धास्ती आहे का? त्या लाजेपायीही कित्येक बायकांचं बाहेर जाणं सुटतं, आणि त्यावर उपचार आहेत.

मग मानसोपचारतज्ज्ञ. सांगलीकरांना डॉक्टर शोधायला लांब जावं लागत नाही, मिरज तर दवाखान्यांचंच गाव. पण दवाखान्यात जाणं हाच आईचा प्रश्न असेल, तर पहिली भेट व्हिडिओवर होऊ शकते का ते विचारा. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. 14416 या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येतं. आई तयार नसेल तर पहिला फोन तू कर.

यावरचा चांगला उपचार म्हणजे भीतीच्या जागी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा जाणं. मानसतज्ज्ञ आईबरोबर बसून यादी करतील, सगळ्यात सोप्यापासून सगळ्यात अवघडापर्यंत. पहिले काही दिवस नुसतं फाटकाबाहेर उभं राहणं असेल. मग गल्लीच्या तोंडापर्यंत. मग दुपारच्या निवांत वेळी दुकान, देऊळ, रिक्षा, सांगली-मिरज सिटी बस. खरं काम तिथं पोचण्यात नाही, भीती चढल्यावर थांबण्यात आहे. ती शिगेला असताना घरी पळालं तर मेंदू जुनाच धडा गिरवतो. थांबलं, तर भीती आपोआप उतरते हे आईला स्वतःच्या अंगानं कळतं, आणि ते दुसऱ्या कुणी सांगून कळत नाही. बाबा सुरुवातीला शेजारी, मग दहा पावलं मागे, मग फोनवर, मग घरीच. मध्ये एखादा दिवस वाईट जाईल. लग्नसराईत गर्दी वाढेल, ती अर्ध्यातून परत येईल. तेव्हा कुणी 'बघ, म्हटलं होतं ना' असं म्हणायचं नाही.

डॉक्टर कदाचित गोळ्याही देतील. चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून त्या मनानं बंद करू नयेत. घाबरल्यावर घ्यायच्या, पटकन शांत करणाऱ्या गोळ्या वेगळ्या, त्यांची सवय लागते. मेडिकलमधून आईला अशी काही गोळी आणून देत असतील तर डॉक्टरांना ते सांगाच. आणि तीही एकदम बंद करू नका.

आता तुझं. बाळंतपणाला आई येईल का? आज सुरुवात केली तरी बहुधा नाही. हे लिहिताना मला जड जातंय, पण खोटी आशा देणार नाही. बाळाच्या जन्माला तिची परीक्षा ठरवू नकोस, त्या ओझ्याखाली तिचं पहिलं पाऊलही उचलणार नाही. तुला मात्र या दिवसांत जवळ कुणीतरी हवंच. मावशी, काकू, एखादी मैत्रीण, कुणालाही स्पष्ट सांग, मला तुझी गरज आहे. आईची उणीव भासेल, तू रडशील. आजार समजला म्हणून दुखायचं थांबत नाही, आणि ते दुःख आईपासून लपवायचंही कारण नाही. फक्त 'तू आली नाहीस' असं म्हणण्याऐवजी 'तू हवी होतीस' असं म्हण.

तिच्याशी बोलताना डोहाळजेवणापासून सुरू करू नकोस. 'आई, घाटात तुला नक्की काय झालं होतं?' एवढं विचार आणि गप्प राहा. ती वेळ घेईल, विषय बदलेल, कुकरच्या शिट्टीचं निमित्त करेल. घाई करू नकोस. हे असं पुष्कळ लोकांना होतं आणि बरं होतं, हे तिला तुझ्या तोंडून ऐकू दे.

सासूबाईंना काय सांगायचं ते आईच ठरवेल, तिची परवानगी घे. तोवर 'आईची तब्येत बरी नाही, उपचार चालू करतोय' एवढं पुरे. ते खरंच आहे.

आणि आईच्या आधी बाबांशी बोल. त्यांनी तीन वर्षं सगळं सांभाळून घेतलंय, तेही दमले असतील. तुम्ही चुकलात, असा सूर लागू देऊ नकोस. सकाळी ते भाजीला बाहेर पडतात तेव्हा फोन कर, म्हणजे त्यांना मोकळेपणानं बोलता येईल.

तुझी,
ताई