ताप जातो, पुन्हा येतो, रिपोर्ट नॉर्मल: आता काय तपासायचं?

निपाणीजवळ राहता, घरी म्हशी आहेत, संध्याकाळी ताप, रात्री दरदरून घाम, कंबर धरते आणि टायफॉईड-मलेरिया निगेटिव्ह, असं तुम्ही लिहिलंय. मग ब्रुसेला या जनावरांतून माणसात येणाऱ्या जंतूची तपासणी आधी करून घ्या. म्हशीने गाभ टाकला किंवा वार अडकली आणि ती उघड्या हातांनी काढली, की बारीक जखमांतून जंतू शिरतात. कच्च्या दुधातूनही येतात. लक्षणं दिसायला दोन-चार आठवडे, कधी महिनेही लागतात, म्हणून डॉक्टरांना हे कुणी सांगतच नाही. तुम्ही आवर्जून सांगा.

बेळगावात फिजिशियनकडे जाताना तापाची नोंद न्या: वेळ, थर्मामीटरचा आकडा, घेतलेली गोळी. अशी लक्षणं असताना ॲग्लुटिनेशन तपासणीत (ब्रुसेलाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) टायटर, म्हणजे त्या प्रतिपिंडांची पातळी, १:१६० किंवा जास्त आला तर संशय बळावतो. ब्लड कल्चरचं (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्या आणि लॅबला ब्रुसेलाचा संशय कळवा. हा जंतू सावकाश वाढतो, शिवाय हाताळणाऱ्यालाही बाधतो.

उपचार साधारण ६ आठवडे, दोन औषधं मिळून. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या की ताप उलटतो. म्हशींचं रक्तही पशुवैद्यांकडून तपासून घ्या, तोवर दूध उकळूनच प्या.