सिलिंडरसाठी दिलेली साक्ष

भगिनी, सप्रेम सलाम.

यजमानांचा कारखाना बंद पडल्यापासून तुमच्या शिवणकामावर घर चालले आहे. गॅस संपला त्याच दुपारी एका गिऱ्हाइकाने ब्लाउजांचे थकलेले पैसे आणून दिले, आणि "देव आपल्या लेकरांना कधी उणे पडू देत नाही" अशी साक्ष, म्हणजे देवाने केलेल्या उपकाराचे चारचौघींत केलेले कथन, तुम्ही चर्चच्या स्त्रीमंडळात दिली. त्यानंतर, ज्यांच्या मुलाचे डायलिसिस चालू आहे त्या भगिनी म्हणाल्या, "तुझा सिलिंडर देवाला दिसतो, माझं पोर दिसत नाही का?" आता उपकारस्तुती करतानाही अपराधी वाटते, तेव्हा अशा क्षुल्लक गोष्टींसाठी देवाचे आभार मानावेत का, असे तुम्ही विचारता.

अवश्य मानावेत. रोजची भाकर मागायला प्रभू येशूनेच शिकवले आहे, आणि ज्या घरात महिन्याचे वाणसामान हिशेब करून भरावे लागते तिथे सिलिंडर क्षुल्लक नसतो. बायबलमध्ये रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळालेला मान्ना, म्हणजे आकाशातून आलेले अन्न, तोही एका दिवसापुरताच होता, तो सकाळी ज्याचा त्याने वेचायचा होता आणि हट्टाने उद्यासाठी ठेवला तेव्हा त्यात किडे पडले.

या बाबतीत मला पंडिता रमाबाईंचे उदाहरण फार मोलाचे वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो जणींच्या जेवणाची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. त्या अन्नासाठी देवाकडे मागत होत्या, मिळाल्यावर त्याचे उपकार मानत होत्या, आणि त्याच वेळी तिथे विहिरी खोदल्या जात होत्या, शेती आणि छापखाना चालत होता, मदत पाठवणाऱ्यांना कामाचा वृत्तान्त कळवला जात होता. तुमच्या पत्रात मात्र पैसे आणून देणाऱ्या गिऱ्हाइकाला जेमतेम अर्धी ओळ मिळाली आहे. त्यांनाही एकदा सांगा की तुमच्यामुळे त्या रात्री आमची चूल पेटली.

त्या भगिनींना तुमचा सिलिंडर बोचला नसावा, असे मला वाटते. बोचले असेल ते "कधी उणे पडू देत नाही" हे वाक्य. आपल्याला मिळाले त्याबद्दल आभार मानणे निराळे आणि त्यावरून सर्वांसाठी नियम सांगणे निराळे, कारण तो नियम ऐकताच ज्या आईचे मागणे अजून पुरे झालेले नाही ती आपण देवाचे लेकरू नाही की काय, या विचाराने पोळते. साक्ष देताना घडले तेवढेच सांगावे.

या आठवड्यात त्यांच्या घरी जा, पण सिलिंडरचा विषय काढू नका, देवाची योजना समजावू नका आणि "विश्वास ठेवा" असे तर मुळीच म्हणू नका. त्यांच्यासारखा जाब बायबलमधल्या स्तोत्रकर्त्यांनीही देवाला विचारला आहे. डायलिसिसच्या दिवशी डबा घेऊन रुग्णालयात त्यांच्याजवळ बसा, आणि मुलासाठी चर्चच्या मंडळीत नाव घेऊन प्रार्थना केलेली चालेल का, हे आधी त्यांना विचारा. त्या नको म्हणाल्या, तर घरीच करा.