दंडावरचा सेन्सर आणि व्यायामातली साखर

प्रश्न : मी जळगावात वैयक्तिक फिटनेस प्रशिक्षण देतो. सकाळचे वर्ग मेहरूण तलावाच्या काठी आणि संध्याकाळचे जिममध्ये असतात. माझ्याकडे येणारे, मधुमेह नसलेले ३८ वर्षांचे एक गृहस्थ हल्ली दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर, म्हणजे सीजीएम, लावून येतात. वेगाने धावण्याच्या सहा फेऱ्या मारल्यावर मोबाइलवर १६५ आकडा पाहून ते घाबरले. केळे खाल्ल्यावर आलेख चढला, पण तुपात बुडवलेली बट्टी खाल्ल्यावर फारसा चढला नाही, म्हणून आता केळी सोडून बट्टी खावी असेही ते म्हणतात. त्यांना काय सांगावे? – एक प्रशिक्षक, जळगाव

उत्तर : धावणे थांबवू नये, हे त्यांना आधी सांगावे. जोराच्या व्यायामात अ‍ॅड्रिनलिन वाढते, त्याच्या इशाऱ्यावर यकृत आपल्या साठ्यातील ग्लुकोज रक्तात सोडते, आणि स्नायू ते जितक्या वेगाने उचलतात त्याहून ते अधिक वेगाने येत राहिले तर आकडा काही काळ चढतो. निरोगी माणसात तो विश्रांतीनंतर आपोआप खाली येतो. हेच गृहस्थ तलावाला सावकाश दोन चकरा मारतील तेव्हा आकडा बहुधा उतरलेला दिसेल, कारण आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतात. आधीच्या अर्ध्या तासात काय केले हे माहीत नसेल, तर १६५ या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

शिवाय सेन्सरची बारीक तार रक्तवाहिनीत नसते. ती कातडीखाली काही मिलिमीटरवर, पेशींभोवतीच्या द्रवात असते, आणि तिथले ग्लुकोज रक्तातल्या ग्लुकोजच्या साधारण ५ ते १५ मिनिटे मागे चालते. साखर झपाट्याने बदलत असताना ही तफावत अधिक जाणवते. म्हणजे सहाव्या फेरीनंतर ते जो आकडा पाहतात, तो कदाचित चौथ्या फेरीचा असतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये मोबाइल काढून बघण्याची सवय आपण मोडावी. आलेख संध्याकाळी वहीसोबत बसून वाचावा. वहीत खाण्याची वेळ, पदार्थ, व्यायामाचा प्रकार आणि आदल्या रात्रीची झोप एवढे लिहिले तरी पुरे.

बट्टीचा मुद्दा मजेशीर आहे, आणि इथेच हुशार माणसेही फसतात. तुपामुळे जठर उशिरा रिकामे होते, त्यामुळे बट्टीतल्या पिठाची साखर रक्तात हळूहळू आणि लांबवर उतरते. आलेख बसका दिसतो, पण पानावरच्या उष्मांकांत काहीच घट झालेली नसते. सेन्सर साखर मोजतो, तूप मोजत नाही. वजन कमी करण्यासाठी आलेख सपाट ठेवण्याच्या नादी लागलेला माणूस अशाने वरण-बट्टीवर ताव मारून समाधानाने झोपेल. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात, आणि लांब पल्ल्याच्या धावण्याआधी तेच तर हवे असते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्याला लागून राहायचे आणि केळ्याला घाबरायचे, हे मला तरी पटत नाही. एक दिवस केळे खाऊन ते खुर्चीत बसून राहू द्यात, दुसऱ्या दिवशी तेवढेच केळे खाऊन लगेच वीस मिनिटे चालू द्यात, आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवा. आपल्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा ते अधिक समजावून सांगतील.

रात्री त्या दंडावर झोपल्यास दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो, त्याने दचकू नये. मे महिन्यात घामाने चिकटपट्टी सुटते. म्हणून लावण्याआधी जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी, तेल लावू नये. मधुमेह नसलेल्या माणसाला हा प्रयोग एकदा दोन आठवडे पुरेसा आहे, वर्षभर सेन्सर लावण्यावर पैसे घालवू नयेत असे माझे मत आहे. व्यावसायिक सायकलपटू सरावात हा सेन्सर वापरतात, पण त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली प्रत्यक्ष शर्यतीत त्याला मनाई केली.

प्रश्न : मी अमळनेरची शिक्षिका आहे, वय ५२. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेते. व्यायामाच्या वेळी सेन्सरवर ६८ आकडा दिसल्यामुळे माझ्या प्रशिक्षकाने गोळी अर्धी करण्यास सांगितले. तसे करू का?

उत्तर : ताई, गोळीचा निर्णय प्रशिक्षकाचा नव्हे, त्यांनी शंका योग्य घेतली, पण उपाय डॉक्टरांनी ठरवायचा. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास भाग पाडते, आणि त्यात व्यायामाची भर पडली की साखर त्या वेळीच नव्हे, काही तासांनी, रात्री झोपेतही उतरू शकते. सेन्सरचे आलेख आणि आपली वही घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. ते मात्रा कमी करतीलही.

तोवर व्यायामाआधी आकडा ९० च्या खाली असेल तर काही खाऊनच सुरुवात करा, आणि सेन्सरचा धोक्याचा गजर चालू ठेवा. आकडा ७० खाली गेला किंवा हात थरथरून घाम फुटला तर थांबा, तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि १५ मिनिटांनी बोट टोचून ग्लुकोमीटरवर तपासा. बोट टोचण्याचा आग्रह यासाठी, की साखर सावरल्यावरही सेन्सर मागे राहून कमी आकडा दाखवत राहतो, आणि घाबरलेला माणूस साखर खातच सुटतो. त्या क्षणी भाकरी किंवा शेंगदाणे उपयोगाचे नाहीत, ते पचायला वेळ लागतो.

प्रश्न : सुई न टोचता साखर दाखवणारे घड्याळ घ्यावे का? – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : घेऊ नये. कातडीला न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. दंडावरच्या सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे मोजण्याचे काम सेन्सरच करत असतो.