लेकीची इंग्लंडमधली पहिली हार्ट अपॉइंटमेंट

ताई, नाशिकहून बर्मिंगहॅमला येताना चौदा वर्षांच्या लेकीला इथल्या हार्ट स्पेशालिस्टच्या पहिल्या भेटीसाठी कसं तयार करायचं, असं तुम्ही विचारलंत. ती लहान असताना तिचं टेट्रालॉजी ऑफ फॅलो या हृदयाच्या जन्मजात दोषाचं ऑपरेशन झालं. तिला मात्र 'छातीचं काहीतरी झालं होतं' एवढंच माहीत आहे, कारण पुढे लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून घरात हा विषय काढत नाहीत. माझ्या मुलाचंही हेच ऑपरेशन झालंय आणि तो इथेच वाढला. म्हणून आधी हेच सांगते: विमानात बसण्यापूर्वी तिला सगळं सांगा.

इथे या वयाच्या मुलांशी डॉक्टर थेट बोलतात. 'तुला काय झालं होतं, तुझ्या शब्दांत सांगतेस का?' इथूनच सुरुवात होते. आई उत्तर द्यायला लागली तर तिला हळूच थांबवतात. तेरा-चौदाव्या वर्षापासून मुलांना मोठ्यांच्या विभागात जाण्यासाठी तयार करायला लागतात, आणि सोळाव्या वर्षापासून उपचारांना संमती मूल स्वतःच देऊ शकतं. आपल्या हृदयात काय झालं होतं हे तिला अनोळखी माणसाकडून, परक्या देशात, पहिल्यांदा कळू नये असं मला मनापासून वाटतं. लग्नाचं तेव्हा बघू. आज ती चौदा वर्षांची आहे आणि शरीर तिचं आहे.

कागदावर चार कप्पे काढून दाखवा. खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र पॅच लावून बुजवलं, फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद केली. 'मग मी बरी झाले ना, परत कशाला जायचं?' असं ती नक्की विचारेल. खरं तेच सांगा: वाट रुंद करताना तिथली झडप बऱ्याचदा नीट मिटेनाशी होते, रक्त थोडं मागे येतं आणि खालचा उजवा कप्पा हळूहळू मोठा होऊ शकतो. काहींना पुढे नवी झडप बसवावी लागते. ती वेळ कधी येते हे कळावं म्हणून आयुष्यभर तपासणी. माझ्या मुलाला हे समजल्यापासून तो स्वतःहून रिपोर्ट वाचायला लागला.

तपासणीत ईसीजी आणि टू-डी इको असतो, एमआरआय बहुधा नंतर. ईसीजीला दहा स्टिकर लावतात, दोन-चार मिनिटांत काम होतं. इकोबद्दल मात्र सविस्तर बोला, कारण या वयात मुलींना सगळ्यात जास्त धास्ती कपडे काढण्याची असते. ब्रा काढावी लागू शकते, पण गाऊन देतात. बाई तंत्रज्ञ हवी किंवा खोलीत आई हवी, असं ती मोकळेपणाने सांगू शकते. पुढून उघडणारा शर्ट घालून न्या. खोलीत अंधार असतो, डाव्या कुशीवर झोपवतात, जेल गार लागतं आणि बरगड्यांखाली दाबतात तेव्हा जरा दुखतं. तपासणारी व्यक्ती बराच वेळ गप्प राहून स्क्रीनवर मापं घेत असते. त्या शांततेचा अर्थ 'काहीतरी वाईट दिसलं' असा नसतो, हे तिला आधीच सांगून ठेवा.

थोडा वेळ तुम्हाला बाहेर बसायला सांगतील. आत सिगारेट, दारू, टॅटू, पिअर्सिंग, मित्र, पुढे गर्भनिरोधक असे प्रश्न निघू शकतात. त्यात तुमच्या संस्कारांवर शंका नसते; टॅटूच्या सुईने जंतू रक्तात जाऊन हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग होऊ शकतो, म्हणून विचारतात. बाहेर आल्यावर 'काय विचारलं?' म्हणून तिच्या मागे लागू नका.

धडधड, दम, चक्कर यांतलं काय, कधी, किती वेळ होतं हे तिला इंग्रजीत सांगता यावं म्हणून घरी दोन-तीनदा बोलून घ्या. इंग्रजी अडलं तर दुभाषी मिळतो, पैसे लागत नाहीत, पण अपॉइंटमेंटच्या आधी कळवावं लागतं.

कागदांचं थोडक्यात. डिस्चार्ज समरी पुरत नाही. नाशिक सोडण्याआधी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून ऑपरेशन नोट्स मागून घ्या, कारण पॅच नेमका कुठे लावला आणि झडप राखली का, हे त्यातच असतं. जुने इको सीडीवर घ्या. इथे स्पेशालिस्टकडे थेट जाता येत नाही, जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, पत्र देतो आणि मग काही आठवडे, कधी महिनेही जातात. म्हणून घराचा पत्ता मिळाला की लगेच जीपीकडे नोंदणी करा. व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क, भरावा लागतो, १८ वर्षांखालच्यांना वर्षाला ७७६ पौंड. त्यानंतर या तपासण्यांचं वेगळं बिल येत नाही.

आणि दातांचं विसरू नका. आपल्याकडे हृदयाला संसर्ग होऊ नये म्हणून हार्टच्या मुलांना दात काढण्याआधी अँटिबायोटिक देतात. इंग्लंडमध्ये २००८ पासून ते सरसकट देत नाहीत. नाशिकची स्ट्रिप मनाने देऊ नका. तिच्या बाबतीत काय करायचं ते पहिल्याच भेटीत तिला स्वतः विचारू द्या, आणि उत्तर डॉक्टरांच्या पत्रात लिहून मागा, म्हणजे इथल्या डेंटिस्टला दाखवता येईल.