अकरावीतला स्मॅशर आणि अमेरिकेतली कॉलेजं: एका क्रीडाशिक्षकांच्या पत्राला उत्तर

सर,

तुमच्या पत्रातलं मला समजलं ते असं. मुलगा अकरावी सायन्सला आहे, उंची सहा फूट तीन इंच, डाव्या बाजूने स्मॅश मारतो, शालेय राज्य स्पर्धा खेळून आलाय. घरी ऊसशेती. पुण्यातला एक एजंट म्हणतो की अमेरिकेत फुल स्कॉलरशिप करून देतो. त्यासाठी दीड लाख आगाऊ आणि मिळेल त्या स्कॉलरशिपचे दहा टक्के. वडील त्यासाठी दोन एकर गहाण टाकायला निघालेत. तुम्ही विचारलंय, या मुलाला तिकडे संघात घेतील का, आणि एजंटाला पैसे द्यावेत का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. देऊ नका. व्हिडिओ करून देणं, पत्रव्यवहार सांभाळणं अशा कामाची ठरलेली फी कोणी घेत असेल तर ते नियमात बसतं. पण मुलाला कॉलेजात बसवण्याच्या किंवा स्कॉलरशिपच्या रकमेच्या हिशोबाने जो पैसे घेतो, तो एनसीएएच्या, म्हणजे इथल्या कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या मुख्य संघटनेच्या, नजरेत खेळाडूचा एजंट ठरतो, आणि मग मुलाची खेळण्याची पात्रताच अडचणीत येते. म्हणजे ज्या दहा टक्क्यांच्या करारावर वडील सही करणार आहेत, त्याच कागदामुळे पोराचं खेळणं थांबू शकतं. त्यांना हे आजच सांगा.

आता पहिला प्रश्न. मी जळगावहून अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका लहान खाजगी कॉलेजात खेळायला आलो, शिकून इथेच राहिलो, आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी शाळकरी मुलांच्या क्लबला व्हॉलीबॉल शिकवतो. दरवर्षी इथली मुलं कॉलेजांच्या कोचना कशी भेटतात, कोणाला किती पैसे मिळतात, हे जवळून बघतो. त्यावरून सांगतो: मुलाला जागा मिळू शकते, फुल स्कॉलरशिप जवळपास मिळत नाही. तुमच्या मुलासाठी दार व्हॉलीबॉल उघडेल, पण आतला बहुतेक खर्च त्याच्या मार्कांना उचलावा लागेल.

याचं कारण इथल्या व्यवस्थेत आहे. विल्यम मॉर्गनने 1895 मध्ये हा खेळ मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावी सुरू केला, पण अमेरिकन कॉलेजांत पुरुषांचा व्हॉलीबॉल फार छोटा राहिला. एनसीएएची कॉलेजं तीन डिव्हिजनमध्ये विभागलेली आहेत, एक सगळ्यात वरची. डिव्हिजन एकमध्ये मुलींचे संघ तीनशेहून जास्त आहेत. मुलांचे तीसच्या आसपास. मुलामुलींना खेळात समान संधी द्यावी असा इथे 1972 पासून कायदा आहे. मुलांच्या बाजूच्या जागा आणि पैसा अमेरिकन फुटबॉलचे अवाढव्य संघ खाऊन टाकतात, आणि मग व्हॉलीबॉलसारख्या खेळांच्या वाट्याला थोडं उरतं. वर्षानुवर्षं नियम असा होता की मुलांच्या एका संघाला मिळून साडेचार स्कॉलरशिपा. अठरा-वीस मुलांत साडेचार वाटल्या की सरासरी जेमतेम पाव स्कॉलरशिप येते. 2025 मध्ये कोर्टात झालेल्या मोठ्या तडजोडीनंतर, ती तडजोड मान्य करणाऱ्या डिव्हिजन एकच्या कॉलेजांना साडेचारचा आकडा राहिला नाही. त्याऐवजी संघात जास्तीत जास्त 18 खेळाडू ठेवायचे. कागदावर अठराही जणांना पूर्ण पैसे देता येतात, पण व्हॉलीबॉलला तेवढा पैसा देणारी कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी. उलट संघ आखडल्यामुळे "हा पोरगा दोन वर्षांत तयार होईल" म्हणून ठेवून घेण्याची कोचची मुभा कमी झाली. त्यात आता खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात सहज जातात, त्यामुळे कोचला एकवीस वर्षांचा तयार गडी मिळत असेल तर तो सतराच्या मुलावर कशाला वेळ घालवील?

वरच्या पातळीवर स्पर्धा कोणाशी आहे तेही बघा. लाँग बीच स्टेट विद्यापीठाने कॉलेजांचं 2025 चं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं तेव्हा त्यांचा सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा, होता बल्गेरियाचा मोनी निकोलोव्ह. त्याचा मोठा भाऊ अलेक्सही तिथेच खेळला होता, आणि वडील व्लादिमीर बल्गेरियाच्या राष्ट्रीय संघातले नावाजलेले खेळाडू. हवाई विद्यापीठाने 2021 आणि 2022 ला लागोपाठ विजेतेपद घेतलं त्या संघाचा सेटर नॉर्वेचा याकोब थेल्ले. नॉर्वे काही व्हॉलीबॉलचा देश म्हणून ओळखला जात नाही, म्हणून हे नाव मुद्दाम लिहितो: देश लहान म्हणून कोच नाकारत नाही. पण हवाई, यूसीएलए, लाँग बीच इथे डाव्या बाजूचा स्मॅशर साडेसहा फुटांच्या आगेमागे असतो. सहा-तीनला तिथे उभं राहायचं तर उडी आणि सर्व्हिस-रिसीव्ह दोन्ही असामान्य हवेत. मुलाला चेंडू अलगद घेता येत असेल तर त्याला आतापासून रिसीव्हवर घासा. चांगला पास देणारा मुलगा मधल्या पातळीच्या प्रत्येक कोचला हवा असतो.

आणि त्याची जागा याच मधल्या पातळीवर आहे असं मला वाटतं. डिव्हिजन दोन, एनएआयए आणि डिव्हिजन तीन. एनएआयए ही लहान कॉलेजांची वेगळी संघटना. मिसुरीतलं पार्क आणि आयोवातलं ग्रँड व्ह्यू हे तिथले जुने मातब्बर संघ, आणि पार्कच्या संघात परदेशी मुलं नेहमी दिसतात. अशी कॉलेजं खेळाचे थोडे आणि मार्कांचे थोडे असे पैसे एकत्र बांधून देतात. डिव्हिजन तीनमध्ये खेळाच्या नावाने एक डॉलरही देता येत नाही, पण अभ्यासाच्या आणि घरच्या परिस्थितीच्या आधारावर देता येतो. तिथे शंभराहून जास्त कॉलेजांत मुलांचे संघ आहेत. स्प्रिंगफील्ड, स्टीव्हन्स, एमआयटी, एनवाययू ही त्यातलीच. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन डिव्हिजन एकमध्ये खेळतात, तरी खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत. मात्र प्रवेश मिळाला तर परदेशी मुलाच्याही घरची ऐपत बघून खर्च उचलतात. प्रवेश मिळणं महाकठीण, पण मुलगा बोर्डात पंचाण्णवच्या वर असेल तर यादीत एक नाव ठेवायला हरकत नाही.

हिशोब कसा करायचा ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा कॉलेजाचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च 45,000 डॉलर. मार्कांवर 18,000 सुटले, व्हॉलीबॉलचे 8,000 मिळाले. कोच फोनवर "26,000 ची ऑफर" म्हणेल आणि घरात पेढे वाटले जातील. पण उरले 19,000. डॉलर 85 रुपयांनी धरला तरी वर्षाला सोळा लाख, चार वर्षांचे चौसष्ट, शिवाय विमान, विमा, पुस्तकं. म्हणून ऑफरचा आकडा विचारू नका, घरून किती भरायचे ते विचारा, आणि ते चारही वर्षांसाठी विचारा. फी दरवर्षी वाढते, स्कॉलरशिप बहुतेक तेवढीच राहते. एक गोष्ट इथे आल्यावरच कळते: राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या स्कॉलरशिपवर परदेशी विद्यार्थ्याचा 14 टक्के कर कापला जातो. भारतीय विद्यार्थ्यांना दोन देशांमधल्या करारामुळे यात वजावट मिळते. विवरणपत्र भरून ती मागावी लागते, आपोआप येत नाही.

अभ्यासाबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने लिहायचंय, कारण आपली चांगली पोरं इथेच अडकतात. डिव्हिजन एकला नववी ते बारावीतले सोळा मुख्य विषय मोजतात. त्यात इंग्रजीची चार वर्षं आणि गणिताची तीन. सरासरी चारपैकी किमान 2.3 लागते. आपल्याकडे खेळाडू मुलाला "दहावीनंतर गणित सोड, आर्ट्स घे, खेळायला वेळ मिळेल" असा सल्ला सगळे देतात. तुमचा मुलगा सायन्सला आहे हे फार बरं झालं. त्याने गणित ठेवलंय ना, ते आधी विचारा. नववी आणि अकरावी बोर्डाच्या परीक्षा नाहीत म्हणून घरी कोणी मोजत नाही, पण इथे त्या वर्षांच्याही गुणपत्रिका मागतात. त्या शाळेतून शिक्क्यासह आत्ताच काढून ठेवा.

बारावीनंतर एक मोठी चूक होऊ देऊ नका. अमेरिकेचं जमेपर्यंत मुलाला आपल्याकडच्या कॉलेजात एफवायला टाकू, तेवढ्यात आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून होईल, असं वाटणं साहजिक आहे. पण कुठल्याही देशातल्या कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला की डिव्हिजन एकचं पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं, आणि मुलगा नवा विद्यार्थी न राहता बदली होऊन आलेला धरला जातो. शाळा संपल्यावर साधारण एक वर्षाची सवलत असते. त्यानंतर संघटित स्पर्धा खेळला तर खेळायची वर्षं कापली जातात. 2022 पासून आपल्याकडे प्राइम व्हॉलीबॉल लीग आहे, आता मुंबई आणि गोव्याचेही संघ आहेत, आणि अशा संघाकडून बोलावणं आलं तर कोणाचाही जीव हरखेल. पण मानधनाच्या करारावर सही करण्याआधी दहा वेळा विचार करा. खर्चाव्यतिरिक्त पैसे घेतले की हौशी खेळाडू म्हणून पात्रता मिळवणं अवघड होतं. हे सगळे नियम सध्या वरचेवर बदलतायत, तेव्हा नोंदणी करताना एनसीएएच्या पात्रता केंद्राचे त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा.

कोचना लिहिण्याचं काम मुलाने स्वतः करायचं. तुम्ही नाही, वडिलांनी नाही. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. मुलगा स्वतः लिहितोय हे कोचला कळतं आणि ते त्याला आवडतं. चार-पाच ओळी पुरतात: नाव, जन्मतारीख, बारावी कधी संपणार, अनवाणी मोजलेली उंची सेंटिमीटरमध्ये, उभ्याने हात कुठे पोचतो, उडी मारून स्मॅशला कुठे पोचतो, मार्क, आणि व्हिडिओची लिंक. घरून वर्षाला किती भरता येईल तेही लिहावं. आपल्याला ते लाजिरवाणं वाटतं, पण कोचचा आणि मुलाचा दोघांचाही वेळ त्याने वाचतो. डिव्हिजन एकच्या कोचला दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपर्यंत मुलाशी थेट भरतीबद्दल बोलायला बंदी असते. तुमचा मुलगा ती तारीख ओलांडून गेलाय, त्यामुळे आता उत्तर न येणं म्हणजे बहुतेक नकारच. वाईट वाटून न घेता पुढच्या कॉलेजाला लिहायचं. मुख्य कोचबरोबर सहायक कोचलाही लिहा, कारण व्हिडिओ बघण्याचं काम बरेचदा तोच करतो.

व्हिडिओबद्दल थोडं सविस्तर लिहितो. तुमच्या भागात शूटिंग व्हॉलीबॉलच्या स्पर्धा जोरात असतात आणि मुलगा त्यातही खेळत असेल. ती चित्रफीत पाठवू नका, इथल्या कोचला त्यातून काहीच ठरवता येत नाही. पासिंगचाच खेळ हवा, नेट 2.43 मीटरवर हवी. मोबाईल मैदानाच्या शेवटच्या रेषेमागे, डोक्यापेक्षा उंच जागी, स्थिर ठेवा. मातीचं मैदान असलं तरी बिघडत नाही. गाणी, स्लो मोशन, डॉल्बीचा आवाज काही नको. सुरुवातीची तीनेक मिनिटं निवडक खेळ, त्यात स्मॅशइतकाच रिसीव्ह आणि ब्लॉक, आणि मुलगा कुठल्या नंबरच्या जर्सीत आहे ते आधी दाखवा. त्यानंतर तगड्या संघाविरुद्धचा एक अख्खा सेट न कापता जोडा. पॉइंट गेल्यावर मुलगा सोबत्याशी कसा वागतो, चेंडू दुसऱ्याकडे असताना पाय हलतात का, हे कोच त्या न कापलेल्या सेटमध्ये शोधतात. मी स्वतः मुलं निवडताना तेच बघतो.

एखादा कोच पुढे आला तर त्याला विचारायचे प्रश्न मुलाकडून पाठ करून घ्या. पैसे दरवर्षी नव्याने ठरतात की चार वर्षांचे लेखी मिळतील? खेळताना गुडघा गेला तर स्कॉलरशिप राहते का, शस्त्रक्रियेचा खर्च कोण करतं? कोच सोडून गेला तर? आणि संघच बंद झाला तर? हा शेवटचा प्रश्न आगाऊ वाटू देऊ नका. 2020 मध्ये स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने मुलांच्या व्हॉलीबॉलसह अकरा खेळ बंद करण्याची घोषणा केली होती. वर्षभराने ती मागे घेतली, पण मधलं वर्ष त्या मुलांनी कसं काढलं असेल याचा विचार करा. म्हणून कॉलेज निवडताना मुलाला मी एकच विचारतो: व्हॉलीबॉल उद्या थांबला तरी याच कॉलेजात, याच विषयात तुला पदवी घ्यायची आहे का?

व्हिसा विद्यार्थ्याचाच, एफ-1. खेळाडूचा नव्हे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत होते. तिथे मुलाला काय शिकणार, खर्च कोण करणार, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. बारावीचा निकाल मे महिन्यात आणि इथलं सत्र ऑगस्टमध्ये, म्हणजे वेळ फार कमी. प्रवेशाचं काम निकालाआधीच पूर्ण झालेलं हवं. इथे आल्यावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. अमेरिकन सोबती बुटांच्या जाहिरातींतून पैसे कमावताना दिसतील. आपल्या मुलाने परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय तसल्या कशावरही सही करायची नाही.

कॅनडाचंही बघा. तिथल्या कॉलेजांत मुलांचा खेळ तगडा आहे, अल्बर्टा आणि ट्रिनिटी वेस्टर्न तर फारच. तिथे खेळाची मदत फीपुरतीच असते, राहण्या-जेवणाचं आपल्याला बघावं लागतं.

वडिलांनी सात-बारा बँकेत नेण्याआधी एवढं करा. मुलाच्या नववी-दहावीच्या गुणपत्रिका, अनवाणी उंची आणि एका अख्ख्या सेटचा व्हिडिओ मला पाठवा. मी बघून कुठल्या पातळीच्या वीस-पंचवीस कॉलेजांना लिहावं ते स्पष्ट सांगेन. फी नाही, आणि माझ्या सांगण्यावर जमीन गहाण टाकायचीही नाही. दिवाळीच्या सुट्टीत स्पर्धा असेल तर तिथेच चित्रण करून घ्या, म्हणजे डिसेंबरात पहिली पत्रं जातील. इथला मोसम जानेवारीत सुरू होतो आणि त्यानंतर कोच मंडळी मेपर्यंत हाताला लागत नाहीत.