लिफ्टसाठी नऊ लाखांचं कर्ज नको. नोकरी मात्र फेब्रुवारीत सोडा

भांडुपहून एका वाचकाचं सविस्तर पत्र आलंय. वय 34. झाडांची छाटणी करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे 11 वर्षं काम. आधी नुसते वर चढायचे, आता चार जणांच्या टोळीचे मुकादम. हातात 27,000 येतात, बेसिक 15,000. पत्नी दवाखान्यात कामाला जाते, तिचे 12,000. घर स्वतःचं, मुलगी आठ वर्षांची, घरखर्च 28,000. तीन लाखांची एफडी आणि पीएफमध्ये 4.1 लाख. आता महिनाअखेरीस नोकरी सोडायची, 9 लाखांचं मुद्रा कर्ज काढायचं, त्यातून पिकअपवर बसवलेली जुनी हायड्रॉलिक लिफ्ट (7.5 लाख) आणि फांद्यांचा चुरा करणारं यंत्र (1.5 लाख) घ्यायचं, एफडी मोडून करवती, दोर आणि खेळतं भांडवल उभं करायचं, असा बेत आहे. 'करू का?' एवढंच विचारलंय.

धंदा करा. कर्ज काढू नका. आणि नोव्हेंबरात नोकरी सोडू नका, फेब्रुवारीअखेर सोडा.

तुम्ही महिन्याला एक लाखाची उलाढाल धरलीय आणि तिला बाराने गुणलंय. तुमचा धंदा असा सपाट चालत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मुंबईत सोसायट्यांना झाडं आठवतात ती पावसाळ्याच्या तोंडावर. मार्च ते जूनचा पहिला आठवडा फोन थांबत नाही. मग पावसात पडझडीची कामं येतात. 2021च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा तुम्ही किती रात्री बाहेर होतात, ते तुम्हीच लिहिलंय. पण तशी रात्र हप्त्याच्या तारखेला विचारून येत नाही. गणपती झाले की फेब्रुवारीपर्यंत बऱ्यापैकी शुकशुकाट. म्हणून तुमचेच दर घेऊन मी हिशोब वेगळा मांडला: हंगामाचे तीन महिने दीड-दीड लाख, उरलेले नऊ महिने 40-40 हजार. वर्षाची उलाढाल 8.1 लाख.

त्यातले 45 टक्के मजुरी आणि मजुरांच्या विम्यात जातील, 15 टक्के टेम्पो आणि पालापाचोळा उचलण्यात, 5 टक्के पेट्रोल, ऑइल, चेन, कानशीत. तुमच्या हातात उरतात सुमारे 2.85 लाख. आजचा तुमचा पगार वर्षाला 3.24 लाख आहे. शिवाय मालक पीएफमध्ये महिन्याला 1,800 भरतो, तेही बंद होतील. म्हणजे कर्ज न काढताही पहिल्या वर्षी तुम्ही साठेक हजारांनी मागे राहाल. हे आधीच मान्य करून निघालात तर घरात भांडणं कमी होतील.

आता यात लिफ्ट घालू. 9 लाखांवर 12 टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण 20,000. ड्रायव्हर, गाडीचा विमा, दुरुस्ती आणि रात्री गाडी उभी करायची जागा (भांडुपात ती फुकट मिळेल असं तुम्ही कसं धरलंत?) यांचे किमान 10,000. झाले महिन्याला 30,000. तीच लिफ्ट दिवसाला 6,000 भाड्याने मिळते, हा दर तुमच्याच पत्रातला. म्हणजे स्वतःची लिफ्ट परवडायला ती महिन्यातून पाच दिवस, वर्षातून साठ दिवस कामावर हवी. तुम्हीच लिहिलंय की दहातल्या तीन कामांनाच लिफ्ट लागते. बाकी ठिकाणी एकतर गेटमधून आत जात नाही, नाहीतर दोरावर माणूसच लवकर काम उरकतो. एका कामाचे सरासरी 9,000 धरले तर वर्षाची कामं नव्वद, लिफ्टची सत्तावीस. सत्तावीस दिवसांचं भाडं 1.62 लाख आणि मालकीचा खर्च 3.6 लाख. मधले जवळजवळ दोन लाख तुमच्या त्या 2.85 मधूनच जाणार. लिफ्ट भाड्याने आणा आणि तिचा खर्च दरपत्रकात वेगळ्या ओळीत लिहा. कमिटीला तो पटतो, कारण लिफ्ट त्यांना डोळ्यांनी दिसते. तुमचं कौशल्य दिसत नाही, म्हणून घासाघीस त्यावर होते.

चुऱ्याच्या यंत्राबद्दल थोडक्यात: ते चालवायला जागा हवी आणि आवाज सोसणारे शेजारी हवेत. तुमच्याकडे दोन्ही नाही.

लाकूडविक्रीचे महिना 8,000 तुम्ही उत्पन्नात धरलेत, ते मी खोडलेत. तुमचं गिऱ्हाईक बेकऱ्या. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळवण्याची मुदत वर्षावरून सहा महिन्यांवर आणायला सांगितलं. भट्ट्या गॅस आणि विजेवर जात असताना ओंडक्यांचा भाव वर जाईल यावर मी तरी पैज लावणार नाही. काही मिळालं तर वरकमाई समजा.

मग पैसा घालायचा कुठे? आधी एक रक्कम मोजू, जिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. पाच वर्षांहून जास्त सलग नोकरी झालीय आणि तुमच्या मालकाकडे दहापेक्षा जास्त माणसं कामाला आहेत, म्हणजे तुम्हाला ग्रॅच्युइटी लागू आहे. 15,000 बेसिकवर, 15 भागिले 26 गुणिले 11 वर्षं, या हिशोबाने साधारण 95,000 होतात. राजीनाम्यासोबत लेखी अर्ज द्या. तोंडी मागू नका, मालक कितीही चांगला असला तरी.

पीएफला हात लावायचा नाही. पाच वर्षांपुढची नोकरी असल्याने काढला तर कर लागणार नाही हे खरं, पण ती तुमची एकमेव म्हातारपणची पुंजी आहे आणि नोकरी सुटली तरी त्यावर व्याज मिळत राहतं. दहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यामुळे 58व्या वर्षी पेन्शनचा हक्कही तयार झालाय. त्याचं स्कीम सर्टिफिकेट मागून घ्या.

एफडी आणि ग्रॅच्युइटी मिळून 3.95 लाख. त्यातले एक लाख सहा महिन्यांच्या घरखर्चाच्या तुटीसाठी (महिन्याला 16,000) बाजूला, पत्नीच्या नावावर. खेळत्या भांडवलाला 95 हजार, कारण सोसायटीचा चेक सेक्रेटरी आणि खजिनदार दोघं गावात असतील तेव्हाच निघतो. दीड लाख अवजारांना, 50,000 विम्याला.

अवजारांत करवती दोनच: झाडावर वापरायला हलकी, वरच्या मुठीची, आणि खाली बुंधा कापायला 18 इंची पात्याची. स्टिल किंवा हस्कवर्ना, कुठल्याही कंपनीची घ्या. स्टिलचं भारतातलं ठाणं चाकणला आहे, पण तुमच्या जवळचा डीलर सुटे भाग किती दिवसांत देतो ते आधी विचारा. मेमध्ये करवत आठवडाभर दुकानात पडली तर ती स्वस्तात मिळाली होती याचा उपयोग नाही. चेनचा खर्च सढळ धरा, मुंबईच्या झाडांत फलकांचे खिळे आणि दिव्यांच्या माळांच्या तारा रुतलेल्या असतात. चेनला जळकं ऑइल घालायची सवय मोडा, पातं लवकर खातं. उरलेला पैसा हार्नेस, स्टीलची तार असलेला कमरेचा दोर, जाळीचं हेल्मेट आणि करवतीपासून पाय वाचवणाऱ्या पँटवर. मेच्या घामात ती पँट कोणी घालत नाही म्हणता. तुम्ही मालक झालात की घालायला लावायची. ब्रिटनमध्ये माणूस ज्यावर लटकतो त्या दोर-हार्नेसची दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी करावी लागते. इथे तशी शिस्त तुम्हीच पाळा आणि दोर बदलायचे पैसे दरवर्षी वेगळे काढा.

विम्यावर मी हट्टी आहे. करवत घेण्याआधी मजुरांची वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसी घ्या. रोजंदारीवरचा पोरगा पडला तर भरपाई तुमच्या गळ्यात येते, सोसायटीच्या नाही. दुसरी, तिऱ्हाइताच्या नुकसानीची: फांदी खालच्या गाडीवर पडते ती नेमकी नव्या गाडीवर. तिसरी तुमची स्वतःची अपघात पॉलिसी, ज्यात हाडं मोडून घरी बसलात तर आठवड्याला रक्कम मिळेल. अर्जात 'सुपरवायझर' लिहायचा मोह होईल, कारण हप्ता कमी बसतो. 'करवत घेऊन झाडावर चढतो' असंच लिहा, नाहीतर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळेल. टर्म विम्यालाही हेच. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना टोळीतल्या प्रत्येकाच्या बँक खात्याला जोडा. ती वरच्या पॉलिसीच्या जागी नाही, तिच्या जोडीला.

हा धंदा पुढे चालेल का? चालेल. पालिकेच्या मागच्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे 29.75 लाख झाडं मोजली गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक खासगी आवारांत आहेत. तुमचं गिऱ्हाईक तिथे आहे. पालिकेच्या कंत्राटात उपकंत्राटदार म्हणून शिरलात तर पैसे दुसऱ्या हातून येणार, तेही उशिरा. सोसायट्यांशी वार्षिक करार करा: जानेवारीत पाहणी, मग उद्यान विभागाच्या परवानगीचा अर्ज, मार्च-एप्रिलमध्ये छाटणी, पावसात एक-दोन तातडीच्या फेऱ्या, आणि पैसे चार हप्त्यांत. मोकळे महिने भरतात ते अशाने. खोडाभोवतीचं काँक्रीट फोडायचं कामही त्याच करारात घाला. मात्र परवानगीचा कागद हातात असल्याशिवाय फांदीला हात नाही, सेक्रेटरी कितीही म्हणाला तरी. महाराष्ट्राच्या 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यात विनापरवाना कापणारा माणूसही गुन्हेगार ठरतो. आणि हल्लीच्या मालकाची गिऱ्हाइकं पळवू नका. मुलुंड-भांडुपात तेवढी झाडं आहेत.

फेब्रुवारीअखेर म्हणालो ते म्हणूनच. तोवर पगार चालू राहील, महिन्याला शिल्लक पडणारे 11,000 साठतील आणि बाहेर पडल्या पडल्या हंगाम हातात येईल. दहा सोसायट्यांचा लेखी होकार आला तर सोडा. पाचच आले तर आणखी एक वर्ष थांबा.

34व्या वर्षी तुम्ही रेन ट्रीच्या शेंड्यावर जाता. 48व्या वर्षी जाल का? कर्जाचे हप्ते भरत राहिलात तर पाच वर्षं स्वतःच चढावं लागेल, दुसरा चढणारा ठेवणं परवडणारच नाही. त्यापेक्षा 'हे झाड धोक्याचं आहे का' याचा लेखी अहवाल देणारा माणूस व्हा. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरच्या प्रमाणित आर्बोरिस्ट (म्हणजे झाडांची निगा राखणारा तज्ज्ञ) परीक्षेला तीन वर्षांचा अनुभव पुरतो, तुमच्याकडे अकरा वर्षांचा आहे. परीक्षा सोपी नाही, पण भारतात असे लोक मोजकेच आहेत. चुऱ्याच्या यंत्रापेक्षा ही गुंतवणूक मला आवडते.

कराचं पटकन. 20 लाखांखाली जीएसटी नोंदणी लागत नाही. सोसायटीने 1 टक्का टीडीएस कापला तर तो रिटर्न भरून परत घ्या. रिटर्नमध्ये उलाढालीच्या 6-8 टक्के नफा दाखवायची सोय आहे, तरी खरा 2.85 लाखच दाखवा. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर शून्यच आहे आणि उद्या बँकेकडे गेलात तर ती हाच आकडा बघेल.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या अनुदानाबद्दल विचारलंत. शहरात सर्वसाधारण गटाला 15 टक्के, महिला, राखीव वगैरे विशेष गटांना 25 टक्के मिळतं, तेही नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगालाच, आणि रक्कम तीन वर्षं बँकेत अडकून राहते. 12 लाखांच्या प्रकल्पावर 15 टक्क्यांनी 1.8 लाख. लिफ्ट एका वर्षात जो तोटा देते तो याहून मोठा आहे.

पत्राच्या शेवटी लिहिलंय की लिफ्टवाल्याला 10,000 इसार देऊन झालाय. परत मागून बघा. नाहीच दिला तर त्या बदल्यात हंगामातले दोन दिवस लिफ्ट भाड्याशिवाय मागा आणि तारखा कागदावर लिहून घ्या.