अमेरिकेतून आणलेला ई-रीडर भारतात मराठी पुस्तकांसाठी घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की, न्यू जर्सीत राहणाऱ्या तुमच्या ताई दिवाळीला नाशिकला येत आहेत. त्यांच्याकडून अॅमेझॉनचे किंडल मागवावे की येथे अधिकृतपणे न मिळणारा कोबो मागवावा, तो येथे नीट चालेल का, आणि मुख्य म्हणजे त्यावर मराठी पुस्तके वाचता येतील का. मी पुण्यात ही दोन्ही यंत्रे वापरतो आणि दोन्ही परदेशातून आलेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. यंत्र येथे चालते, त्याबद्दल शंका बाळगू नका. कोणते यंत्र घ्यायचे याच्याही आधी ठरवायची गोष्ट म्हणजे ते कोणत्या देशाच्या खात्यावर नोंदवायचे, कारण कंपनीच्या ऑनलाइन दुकानात कोणती पुस्तके दिसतील, पैसे रुपयांत द्यायचे की डॉलरमध्ये आणि कोणत्या सवलती मिळतील हे सर्व त्या खात्यावरून ठरते.

पूर्वी परदेशी यंत्र येथे असे सहज चालत नव्हते. पहिले किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत ३९९ डॉलरला विक्रीस आले, तेव्हा त्यात वायफाय नव्हते. पुस्तके एका अमेरिकी मोबाइल कंपनीच्या जाळ्यावरून यंत्रात उतरत, त्यामुळे अमेरिकेबाहेर ते संगणकाला तारेने जोडूनच वापरावे लागे. ऑक्टोबर २००९ मध्ये भारतासह शंभराहून अधिक देशांत चालणारी आवृत्ती आली, पण खरेदी डॉलरमध्येच होती. रुपयांत खरेदी करता येईल असे भारतीय दुकान ऑगस्ट २०१२ मध्ये उघडले आणि मराठी पुस्तकांना त्यात जागा मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्या बरोबरीने. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की परदेशातील नातेवाईक पुष्कळदा आपले जुने, कपाटात पडलेले यंत्र प्रेमाने देऊ करतात. ते पहिल्या दोन पिढ्यांचे किंडल असेल तर अमेरिकेतील जुनी मोबाइल जाळी बंद झाल्यापासून त्याला इंटरनेटच उरलेले नाही, आणि त्या काळातील यंत्रांवर देवनागरीची दशा पाहवत नाही. असे यंत्र नम्रपणे नाकारावे.

आता खात्याविषयी. ताईंनी आपल्या खात्यावरून किंडल मागवले, तर मागवताना ती भेट असल्याची खूण करायला त्यांना आवर्जून सांगा. ती खूण राहिली तर यंत्र त्यांच्याच नावावर नोंदवलेले येते आणि तुम्ही पहिल्यांदा ते सुरू कराल तेव्हा त्यांची सगळी पुस्तके तुमच्यासमोर उभी राहतील. तसे झाले तरी बिघडत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन नोंदणी रद्द करता येते आणि मग तुमच्या भारतीय खात्यावर नव्याने नोंदवता येते. मात्र नोंदणी रद्द करताच त्या खात्यावरून उतरवलेली पुस्तके यंत्रातून जातात, हे लक्षात ठेवावे. एक यंत्र एका वेळी एकाच खात्यावर राहते आणि दोन देशांतील दोन खाती कंपनी एकत्र करून देत नाही, म्हणून ‘थोडी पुस्तके ताईच्या खात्यावर, थोडी माझ्या’ असा संसार मांडू नये.

काही जण मुद्दाम अमेरिकी खाते ठेवतात, कारण तेथील दुकान मोठे आहे. प्रकाशक एखाद्या पुस्तकाचे हक्क देशवार विकतात, त्यामुळे अमेरिकेत दिसणारे एखादे इंग्रजी पुस्तक भारतीय खात्यावर ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन येते, आणि त्याचा राग येणे स्वाभाविक आहे. पण उलट बाजू अशी की, ज्या इंग्रजी पुस्तकांची भारतीय आवृत्ती आहे ती येथे बहुधा पुष्कळ स्वस्त मिळतात. मराठी वाचकाला तर डॉलरमध्ये मराठी पुस्तक घेण्यात काहीच हशील नाही. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये किंडलवर पुस्तके उसनी देतात, ही तेथील सोय खरोखर हेवा वाटावा अशी आहे, पण ती अमेरिकी ग्रंथालयांपुरतीच आहे आणि भारतीय खात्यावर ती मिळणार नाही. पुढे तुम्ही परदेशी राहायला गेलात तर खात्याचा देश सेटिंग्जमधून बदलता येतो आणि घेतलेली पुस्तके बरोबर येतात. मासिक वर्गणीच्या योजना मात्र येत नाहीत, त्या नव्या देशात पुन्हा घ्याव्या लागतात.

किमतीचा हिशेब लोक घाईने करतात, म्हणून तो येथे मांडून दाखवतो. किंडलचे सात इंची पेपरव्हाइट हे मॉडेल ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत १५९.९९ डॉलरला आले आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतात १६,९९९ रुपयांना. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर अमेरिकी किंमत साधारण १३,६०० रुपये होते आणि ‘साडेतीन हजार वाचले’ असे वाटते. पण अमेरिकेत छापील किमतीवर विक्रीकर वेगळा लागतो, न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे. म्हणजे रक्कम १४,५०० च्या घरात गेली. शिवाय ही किंमत बंद पडद्यावर जाहिराती दाखवणाऱ्या यंत्राची आहे. जाहिराती नकोत तर आणखी २० डॉलर द्यावे लागतात आणि मग करासह तीच रक्कम सव्वासोळा हजारांच्या पुढे जाते. डॉलर त्याहून महाग असेल तर उरलेली बचतही आटते. थोडक्यात, किंडल भारतात दुकानात उपलब्ध असताना ते केवळ स्वस्त पडेल म्हणून ताईंच्या सामानात भर घालणे मला पटत नाही. येथे साठा संपलेला असेल किंवा हवे ते मॉडेल येथे येतच नसेल, तर गोष्ट वेगळी.

कोबोचे तसे नाही, तो परदेशातूनच आणावा लागतो. ही मूळची टोरांटोची कंपनी. पुढे ती जपानच्या राकुतेनने घेतली. २०१३ मध्ये तिने भारतातील पुस्तकांच्या दुकानांतून आपली यंत्रे विकायला सुरुवात केली होती, पण तो संसार येथे टिकला नाही. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या क्लारा बीडब्ल्यू या साध्या कोबोची किंमत अमेरिकेत १२९.९९ डॉलर होती, आणि त्या वर्षीची यंत्रे दुरुस्त करता यावीत अशा रीतीने बनवलेली आहेत, ही त्यांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. ईपब (ई-पुस्तकांचे सर्वत्र चालणारे स्वरूप) फाइल तारेने जोडून सरळ त्यात टाकता येते, कोणाच्या मध्यस्थीची गरज पडत नाही.

मराठीच्या बाबतीत मात्र कोबो थोडी मेहनत मागतो. माझ्या कोबोवर पहिले मराठी ईपब उघडले तेव्हा अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटींच्या रांगा दिसल्या. संगणकाला जोडून यंत्रात ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर तयार केला, त्यात ‘मुक्त’ हा मोफत मिळणारा देवनागरी फॉन्ट टाकला, तेव्हा अक्षरे आली. पण ‘शक्ती’तील क् पाय मोडून त पासून वेगळा बसला होता आणि ‘किती’मधील पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर पडली होती. असे दहा ओळींपलीकडे वाचवत नाही. याला उपाय आहे. ‘कोरीडर’ हा मोफत वाचन-प्रोग्राम कोबोवर कोणतेही कुलूप न तोडता बसवता येतो आणि तो जोडाक्षरे व वेलांट्या व्यवस्थित जुळवतो. मी आता मराठी सगळे त्यातच वाचतो. घरात संगणकावर फाइली इकडच्या तिकडे करणारे कोणी असेल तर हे अर्ध्या तासाचे काम आहे. पण तुम्ही हे यंत्र आईसाठी घेत असल्याचा उल्लेख प्रश्नात ओझरता केला आहे, आणि त्यांना हा खटाटोप करायला लावणे मला योग्य वाटत नाही. किंडलच्या दुकानातून घेतलेले मराठी पुस्तक आजच्या यंत्रावर उघडताच नीट दिसते, अक्षर मोठे करता येते, आणि साठीपुढच्या डोळ्यांना तेवढीच गोष्ट सर्वांत मोलाची असते.

तरीही एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ‘मराठी ई-पुस्तक’ म्हणून जे जे मिळते ते सर्व किंडलवर वाचता येते असे नाही. मेहता पब्लिशिंग हाऊससारख्या प्रकाशकांची पुष्कळ पुस्तके किंडलच्या दुकानात आहेत. परंतु बुकगंगावर घेतलेली ई-पुस्तके त्यांच्या स्वतःच्या अॅपमध्येच उघडतात, ती किंडलवरही जात नाहीत आणि कोबोवरही जात नाहीत. आईंचे आवडते लेखक तेथेच असतील तर अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर, उदाहरणार्थ चिनी बनावटीचा बूक्स, पाहावा. त्यात ही सारी अॅप शेजारी शेजारी बसतात; बदल्यात बॅटरी लवकर उतरते आणि पान उलटताना मागच्या पानाची पुसट छाया कधीकधी उरते.

मोफत साहित्याचे म्हणाल तर मराठी विकिस्रोतावरील पुस्तके ईपब स्वरूपात उतरवता येतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त होते, त्यामुळे जुने मराठी गद्य तेथे हळूहळू जमते आहे. ई साहित्य प्रतिष्ठान पुस्तके मोफत देते ती बहुधा पीडीएफमध्ये असतात, आणि मोठ्या पानाची पीडीएफ सहा-सात इंची पडद्यावर आली की अक्षर मुंगीएवढे होते. यंत्र आडवे धरून अर्धे अर्धे पान वाचणे एवढाच सोपा मार्ग राहतो. अशी पीडीएफ ईपबमध्ये बदलता येईल का, हे पाहण्याची साधी परीक्षा आहे: संगणकावर त्यातील एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी ओळ उमटली तर आशा आहे, जरी जोडाक्षरे थोडी विस्कटली तरी. पण रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा गोंधळ उमटला तर ते पुस्तक श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले आहे, म्हणजे पानावर दिसते ते मराठी असले तरी फाइलच्या पोटात मराठी नाही, आणि सामान्य वाचकाने त्याच्या नादी लागू नये.

रूपांतरासाठी कॅलिबर हा मोफत प्रोग्राम वापरावा. कोविद गोयल यांनी तो २००६ मध्ये सोनीच्या ई-रीडरसाठी लिहायला घेतला, कारण ते यंत्र त्यांच्या लिनक्स संगणकाशी बोलायला तयार नव्हते. कंपनीने गृहीत न धरलेल्या वाचकांचे आजही बहुतेक काम त्यानेच भागते. किंडलवर स्वतःची ईपब पाठवायची तर कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा यंत्राला मिळालेल्या ईमेल पत्त्यावर ती पाठवता येते, आणि ही सोय भारतातही विनामूल्य चालते. फक्त ज्या पत्त्यावरून पाठवणार तो आधी मान्य पत्त्यांच्या यादीत घालावा लागतो, एरवी फाइल कुठे गेली ते कळत नाही.

वॉरंटीविषयी स्पष्ट सांगतो: परदेशातून आणलेल्या यंत्राला येथे वॉरंटी नाही असेच धरून चाला. माझ्या एका ई-रीडरचा पडदा पिशवीत दबून गेला. बाहेरून ओरखडाही नव्हता, पण पडद्यावर अक्षरे उमटवणाऱ्या शाईच्या थरामागची काच अतिशय पातळ असते, ती तडकली की पडद्याचा कोपरा कायमचा काळा राहतो आणि संपूर्ण पडदाच बदलावा लागतो. कंपनीने मोठ्या सौजन्याने कळवले की बदली यंत्र खरेदीच्या देशातील पत्त्यावरच पाठवता येईल. म्हणून यंत्राबरोबरच कडक पाठीचे आवरण मागवावे. तो खर्च अनावश्यक समजू नये.

दूरच्या बाजारातील ग्राहकाला आणखी एक धोका असतो, तो म्हणजे कंपनीच निघून जाण्याचा. बार्न्स अँड नोबल या अमेरिकी पुस्तकविक्रेत्या कंपनीने २०१६ मध्ये आपल्या नूक या ई-रीडरचे ब्रिटनमधील दुकान बंद केले. किंडलचे चीनमधील दुकान ३० जून २०२३ रोजी विक्री थांबवून मोकळे झाले आणि घेतलेली पुस्तके उतरवून घ्यायला वाचकांना आणखी एक वर्ष मिळाले. नूक तर भारतातील माणसाने घेऊच नये, कारण त्याच्या दुकानात खरेदीला अमेरिकी पत्त्याचे कार्ड लागते. कुलूपबंद नसलेल्या, म्हणजे नक्कल करायला कंपनीने अटकाव न केलेल्या, सर्व फाइलींची प्रत संगणकावर ठेवण्याची सवय लावून घ्यावी. विकत घेतलेल्या बहुतेक किंडल पुस्तकांबाबत तेवढीही मुभा उरलेली नाही, कारण ती संगणकावर उतरवून तारेने यंत्रात टाकण्याची सोय कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून घेतली.

तेव्हा आईंसाठी येथलेच किंडल घ्या, भारतीय खात्यावर नोंदवा आणि ताईंना हवे तर त्याचे पैसे देऊ द्या. स्वतःसाठी कोबो हवाच असेल तर तो ताईंकडून मागवा. तो कुरिअरने पाठवू नये, सीमाशुल्क आणि वर कुरिअर कंपनीचे शुल्क लागून सगळा फायदा बुडतो. प्रवाशाच्या सामानातून आलेले एखादे यंत्र करमुक्त मर्यादेत सहज बसते. बॅटरी लिथियमची असल्यामुळे ते हातातल्या बॅगेत ठेवावे. चार्जिंगला आपला मोबाइलचा चार्जर चालतो, व्होल्टेजची काळजी नको. घरी आल्यावर वायफायच दिसले नाही, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या वाहिनीवर नाही ना ते पाहा. अमेरिकेत ११ पर्यंतच्याच वाहिन्या वापरात असल्याने तेथील पुष्कळ यंत्रे पुढच्या वाहिन्यांकडे पाहतही नाहीत, आणि राउटर ६ वर आणला की जोडणी लागलीच होते.